ब्रेक कोणी निकामी केले?

(रस्ता सुरक्षा महिन्यानिमित्त एका गावच्या साक्षरता वर्गापुढे निवृत्त ट्रकचालकाने केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. मी साधा ड्रायव्हर माणूस. चौथी झाली आणि माझी शाळा सुटली. हातात आधी गाडी पुसायचे फडके आले. मग पाना आला. मग स्टेअरिंग आले. पुढे 31 वर्षे मी ट्रक चालवला. कोल्हापूरचा गूळ मुंबईला नेला. नाशिकचा कांदा नेला. सिमेंट, लोखंड, खडी, सगळे वाहिले. आता डोळ्यांना कमी दिसते, म्हणून घरी बसलो आहे.

गुरुजी मला म्हणाले, "रस्त्यावर चार शब्द बोला." मी नाही म्हणणार होतो. पण परवा पारावर ती सायकल पाहिली.

ती सायकल तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. मागच्या महिन्यात शाळेपुढे डंपरखाली सापडलेली. आपल्या गावची पोर उडी मारून बाजूला झाली, म्हणून वाचली. सायकलचा मात्र चुरा झाला. डंपरवाला खाली उतरला आणि म्हणाला, "ब्रेक लागले नाहीत." आपण काय म्हणालो? "पोरीचे नशीब चांगले." आणि सगळे आपापल्या घरी गेलो.

मंडळी, "ब्रेक लागले नाहीत" या एका वाक्यावर मी आज बोलणार आहे. हे वाक्य मीही एकदा बोललो होतो. ते खोटे नव्हते. पण ते पुरते खरेही नव्हते.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. भरलेली गाडी उतारावर कशी थांबते?

तुम्ही बैलगाडी हाकली आहे. उसाने भरलेली गाडी उताराला लागली, की गाडीवान काय करतो? तो कासरा ओढून धरतो. बैल पाय रोवून चालतात. गाडीचा भार ते मानेवर अडवून धरतात. म्हणून गाडी हळूहळू उतरते. आता समजा, कोणी शहाणा म्हणाला, "उतार आहे. गाडी आपोआप जाते. बैलांना कशाला त्रास? सोडा त्यांना." आणि त्याने बैल सोडले. मग काय होईल? लहान पोरही सांगेल. गाडी सुटेल. वाटेत येईल त्याला तुडवील आणि खड्ड्यात जाईल.

ट्रकचे बैल म्हणजे त्याचे इंजिन. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये घातली, की इंजिन तिला मागे ओढून धरते. पण गाडी न्यूट्रलला टाकली, म्हणजे बैल सोडले. मग सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो.

ब्रेक म्हणजे तरी काय? चाकाच्या आत लोखंडाचा ड्रम असतो. त्याला आतून लायनर घासतो. घासले, की चाक अडते. तुम्ही तळहात तळहातावर जोरात घासून पाहा. हात गरम होतात. भरलेल्या ट्रकचे चाक घाटात मैल दोन मैल घासत राहिले, तर ड्रम केवढा तापेल? तो इतका तापतो, की लायनरची पकड जाते. घाटात कधी जळका वास येतो पाहा. तो हाच वास. मग पायाखाली ब्रेक असतो, पण तो लागत नाही.

आणखी एक. मोठ्या गाडीच्या ब्रेकला जोर हवेचा असतो. ती हवा इंजिन भरते. इंजिन बंद केले, की नवी हवा भरत नाही. प्रत्येक वेळी ब्रेक दाबला, की टाकीतली हवा कमी होते.

मग ड्रायव्हर इंजिन बंद का करतो? गाडी न्यूट्रलला का टाकतो? तो वेडा असतो का?

नाही मंडळी. तो डिझेल वाचवतो.

आता माझी गोष्ट सांगतो. ही मी गावात कधी सांगितली नव्हती.

साल 1988. गुळाचे रवे भरून मी मुंबईला निघालो होतो. गाडीत किती माल भरावा, ते गाडीवर लिहिलेले होते. माल त्याहून पुष्कळ जास्त होता. मालक म्हणाला, "सकाळी बाजार उघडायच्या आत माल उतरला पाहिजे. उशीर झाला तर भाडे कापीन." डिझेलला तो ठरावीक पैसे द्यायचा. त्यातून जे वाचेल ते माझे. दोन रात्री मला झोप नव्हती.

पहाटे खंबाटकी घाट चढलो. त्या वेळी बोगदा नव्हता. जाणाऱ्या येणाऱ्या सगळ्या गाड्या घाटातूनच जायच्या. माथ्यावर आलो आणि नेहमीसारखे इंजिन बंद केले. गाडी न्यूट्रलला. लिटर-दीड लिटर डिझेल वाचणार होते. तेवढ्या पैशांत दोन वेळचा चहा झाला असता.

निम्म्या उतारावर जळका वास आला. माझ्या बाजूला क्लीनर पोरगा होता. सोळा-सतरा वर्षांचा. तो म्हणाला, "उस्ताद, वास येतोय." मी म्हणालो, "गप बस." पुढच्या वळणावर ब्रेक दाबला. पाय खाली गेला. गाडी थांबली नाही. इंजिन चालू करून गिअर टाकायला गेलो. गाडीला वेग इतका होता, की गिअर पडेना.

घाट संपता संपता एक माणूस सायकलवरून चालला होता. सायकलला दुधाचे कॅन होते. तो त्याच्या बाजूने, अगदी कडेने चालला होता. त्याची काही चूक नव्हती. माझी गाडी त्याला लागली.

पुढे सपाटीला गाडी आपोआप थांबली. क्लीनर म्हणाला, "उस्ताद, मागे जाऊ या. माणूस जिवंत असंल." मी आरशात पाहिले. मागे लोक धावत होते. मला वाटले, हे मला जिवंत सोडणार नाहीत. मी इंजिन चालू केले आणि पळालो.

पुढच्या गावी पोलीस चौकीत मी स्वतः हजर झालो. पण तोपर्यंत वेळ गेला होता. तो माणूस तासभर रस्त्यावर पडून होता. जीव वाचला, पण एक पाय मांडीपासून काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, लवकर आणले असते, तर कदाचित पाय राहिला असता.

कोर्टात मी म्हणालो, "साहेब, ब्रेक लागले नाहीत." मला सहा महिन्यांची शिक्षा झाली. ती मी भोगली.

सुटून आल्यावर त्या माणसाच्या घरी गेलो. त्याची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "भाऊ, गाडी लागली ते एक वेळ विसरेन. पण तुम्ही थांबला नाहीत, ते कसं विसरू?"

मला उत्तर देता आले नाही. आजही देता येत नाही.

आता तुम्हीच सांगा. माझे ब्रेक कोणी निकामी केले? देवाने? नशिबाने? माल जास्त भरला, तो मालकाने आणि मी. इंजिन बंद केले ते मी. झोप नसताना गाडी हाकली ती मी. वास आला तेव्हा पोराला गप्प केले ते मी. ब्रेक सगळ्यांत शेवटी गेले. त्याआधी माझी अक्कल गेली होती.

तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट झाली. आता रस्ते मोठे झाले. गाड्या चांगल्या झाल्या. खरे आहे. पण उतार तोच आहे आणि माणूसही तोच आहे.

पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडले, की नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. रस्ता रुंद आहे, गुळगुळीत आहे. 20 नोव्हेंबर 2022 ला रात्री त्या उतारावर एका जड गाडीने पुढच्या गाड्यांना ओळीने धडक दिली. मोटारींचा चेंदामेंदा झाला. चौकशीत काय निघाले? चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते. 34 वर्षांपूर्वी मी केले, तेच. पुढे 13 नोव्हेंबर 2025 ला त्याच पुलाजवळ पुन्हा एक जड गाडी सुटली. एक मोटार दोन मोठ्या गाड्यांच्या मध्ये सापडली. आग लागली. माणसे जळून मेली.

धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात, पळासनेर गाव आहे. मुंबई-आग्रा रस्त्यावर. तिथे 4 जुलै 2023 ला एक भरलेला कंटेनर सुटला. वाटेतल्या गाड्यांना उडवून तो रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान 10 माणसे गेली. तिथेही बातमी तीच होती. ब्रेक निकामी झाले.

सरकारी आकडा सांगतो. 2022 साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत 1,68,491 माणसे मेली. म्हणजे रोज 460 हून जास्त. आपल्या महाराष्ट्रात त्या एका वर्षात 15,224 माणसे गेली. म्हणजे रोज 41. ही सगळी काही ट्रकखाली गेली नाहीत. पण शंभरातले सत्तरांहून जास्त मृत्यू वेगापायी झाले, असे सरकारी अहवाल सांगतो. वेग वाईटच. पण जड गाडीचा वेग फार वाईट. का, ते हिशोबाने पाहू. तुम्ही आता हिशोब शिकला आहात.

गाडी तासाला 60 किलोमीटर वेगाने चालली आहे. एका सेकंदात ती किती पुढे जाते? 55 फूट. पोर समोर आले, हे ड्रायव्हरच्या ध्यानात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक दाबायच्या आतच गाडी 55 फूट गेली. त्यानंतर भरलेली गाडी थांबायला आणखी शंभर फुटांच्या वर जागा घेते. रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले असतील तेव्हाची ही गोष्ट. ओल्या रस्त्यावर, किंवा जास्त माल भरला असेल, तर विचारूच नका.

आता वेग निम्मा करा. 30 करा. ब्रेक दाबल्यावर लागणारी जागा निम्मी होत नाही. ती चौथ्या हिश्शावर येते. वेग दुप्पट झाला, की टोला चौपट बसतो. वेग निम्मा झाला, की टोला चौथाई होतो. हा निसर्गाचा नियम आहे. तो कोणाची ओळख पाहत नाही.

आता दुसरा हिशोब. आपल्या गावठाणातून जाणारा रस्ता एक किलोमीटर आहे. डंपर 60 च्या वेगाने गेला, तर त्याला एक मिनिट लागते. 30 च्या वेगाने गेला, तर दोन मिनिटे. म्हणजे वाचले किती? एक मिनिट. त्या एका मिनिटासाठी ती सायकल मोडली. त्या एका मिनिटासाठी पोर गेली असती.

मग ड्रायव्हरला एवढी घाई कशाची? मंडळी, इथे थोडे कडू बोलतो. राग मानू नका.

क्रशरच्या डंपरवाल्याला पगार महिन्याचा नसतो. त्याला खेपेवर पैसे मिळतात. जितक्या खेपा, तितके पैसे. म्हणून तो पळतो. पण ती खडी कोणाच्या घरी जाते? आपल्याच. आपण घर बांधायला काढतो आणि म्हणतो, "सांजच्याला स्लॅब आहे. दोन खेपा लवकर टाक. उशीर झाला तर दुसऱ्याला सांगतो." आपणच म्हणतो, "वरपर्यंत भर. एक खेप वाचेल." बाहेरच्या ड्रायव्हरला आपण शिव्या देतो. पण त्याच्या पायाखाली जो पेडल आहे, त्यावर एक पाय आपलाही आहे.

मी ड्रायव्हरची बाजू घेत नाही. स्टेअरिंग त्याच्या हातात आहे. शेवटी जबाबदारी त्याचीच. पण घाई ही साखळी आहे. व्यापारी मालकाला घाई लावतो. मालक ड्रायव्हरला घाई लावतो. आणि ड्रायव्हर ती घाई दुसऱ्याच्या लेकराच्या अंगावर घालतो.

झोपेचेही तसेच. 1961 साली देशात मोटार कामगारांसाठी कायदा झाला. दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास, याहून जास्त काम नको, असे त्यात लिहिले होते. सलग 5 तास काम झाले, की निदान अर्धा तास विसावा द्यावा, असेही होते. मी मात्र सलग 20 तास गाडी चालवली आहे. डोळे उघडे असायचे, पण मी झोपलेला असायचो. आपल्या गावची सात-आठ पोरे आज ट्रकवर आहेत. त्यांच्या आया इथे बसल्या आहेत. बायांनो, पोराचा फोन आला, की "कधी येतोस?" असे विचारू नका. "झोपलास का?" असे विचारा.

आता पुढे काय करायचे? मी पाच गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. वाचा. आता तुम्हाला वाचता येते. घाटात पाटी असते, "पुढे तीव्र उतार". ती पाटी शोभेची नाही. जो गिअर घालून घाट चढलो, त्याच गिअरमध्ये उतरायचे, हे जुने ड्रायव्हर सांगतात. तुमच्या पोराला ते सांगा. ट्रकवर लिहिलेले वजन वाचा. त्याहून जास्त माल आपल्या खळ्यातून, आपल्या फडातून भरू देऊ नका. 2019 साली सुधारलेल्या मोटार कायद्यात जादा मालाला 20,000 रुपये दंड आहे. शिवाय जादा प्रत्येक टनाला 2,000 रुपये. पण दंडाच्या भीतीने नको. माणसाच्या भीतीने करा.

दुसरी गोष्ट. नंबर लिहून ठेवा. गाडी बेफाम जात असेल, तर दगड मारू नका. नंबर वाचा, वहीत लिहा. तारीख लिहा, वेळ लिहा. एम एच 11 म्हणजे सातारा, एम एच 10 म्हणजे सांगली, एम एच 09 म्हणजे कोल्हापूर, हे तर पोरांनाही पाठ आहे. 2015 च्या नियमाप्रमाणे डंपरला आणि टँकरला 60 च्या वर वेग जाऊ नये, असे यंत्र बसवायचे असते. ते बसवले आहे का, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. तक्रार लिहा, सह्या करा, पोलिसांना आणि आर.टी.ओ.ला द्या. कालपर्यंत आपण अंगठे उठवत होतो. आज पन्नास सह्या एका कागदावर पडल्या, तर तो कागद कोणाला सहज बाजूला टाकता येणार नाही.

तिसरी गोष्ट. ट्रकपासून लांब राहा. ट्रकच्या अगदी पुढे, नाकाखाली काय आहे, ते ड्रायव्हरला दिसत नाही. डाव्या बाजूला चाकाजवळचेही दिसत नाही. गाडी डावीकडे वळताना मागची चाके आत कापत येतात. तिथे सायकल, मोटारसायकल घालू नका. आणि आपली उसाची ट्रॉली रात्री रस्त्यात उभी करू नका. बंद पडलीच, तर मागे लाल चकाकणारी पट्टी हवी, दिवा हवा, माणूस हवा. अंधारातली बिनदिव्याची ट्रॉली हीसुद्धा बेपर्वाईच आहे.

चौथी गोष्ट. अपघात झाला, तर आधी जखमी पाहा. 108 ला फोन करा, गाडी येते. "पोलिसांची झंझट नको," असे म्हणून तोंड फिरवू नका. मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली सांगितले. 2019 साली ते कायद्यात आले. तुम्हाला नाव सांगायचे नसेल, तर जबरदस्ती करता येत नाही. 2025 पासून सरकारी योजनाही आहे. नेमलेल्या दवाखान्यात अपघाताच्या जखमीवर 7 दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत बिनपैशांचे उपचार होतात. म्हणून "पैसे कोण भरणार?" असे म्हणत वेळ घालवू नका.

पाचवी गोष्ट. ड्रायव्हरला मारू नका. हे मी माझ्यासाठी सांगत नाही. त्या दुधवाल्यासाठी सांगतो. जमाव मारील या भीतीने मी पळालो. माझे पळणे पापच होते. पण जमावाचा हात नुसता जखमीला उचलायला उठतो, असे मला माहीत असते, तर कदाचित मी थांबलो असतो. ड्रायव्हरने जखमीला दवाखान्यात न्यावे, असे कायदा सांगतो. जमाव खवळलेला असेल, तर त्याने पोलीस ठाणे गाठावे. त्याला पकडून ठेवा, पोलिसांच्या हवाली करा. शिक्षा कोर्ट देईल.

मंडळी, मी क्रशरच्या मालकाला काल भेटलो. म्हणालो, "गावठाणात 30 चा वेग ठेवा. शाळा भरताना आणि सुटताना अर्धा तास खेपा बंद ठेवा." तो म्हणाला, "बघू." हे "बघू" मला ठाऊक आहे. मीही पुष्कळांना म्हणालो आहे. म्हणून गुरुजींनी अर्ज लिहिला आहे. तो इथे टेबलावर आहे. आज जाताना तो स्वतः वाचा. दुसऱ्याने वाचून दाखवला म्हणून सही करू नका. वाचा, पटला तर सही करा.

आणि त्या खाली मी आणखी एक ओळ घातली आहे. "आम्हीही घाईची खेप मागणार नाही. जादा भरलेली गाडी आमच्या दारात उतरवून घेणार नाही." ही ओळ पाळायला कठीण आहे. पण ती नसेल, तर वरच्या अर्जाला तोंड नाही.

ती मोडकी सायकल पारावरून हलवू नका, एवढी माझी विनंती आहे. राहू द्या तिथेच. उद्या कोणी म्हणाले, "ब्रेक लागले नाहीत," तर त्याला ती सायकल दाखवा. आणि विचारा, "बाबा, ते खरे. पण ब्रेक निकामी कोणी केले?"

माझे बोलणे संपले. राम राम.